उरलेलं पाणी

माझ्या मोटारसायकलच्या पिशवीत व्हिनेगरच्या चार बाटल्या कायम असतात. एकदा नाक्यावर पोलिसांनी पिशवी उघडायला लावली. आधी त्यांना वाटलं दारू आहे. मग वास घेऊन बघितल्यावर वाटलं, हा चायनीजची गाडी लावत असणार. मी म्हटलं, साहेब, हे गायीसाठी आहे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मला जा म्हणाले. वेड्याला अडवून काय करायचं, असा काहीतरी भाव होता त्यांच्या तोंडावर.

त्या बाटल्या का असतात ते मी आजवर बऱ्याच गावांत सांगितलंय, पण तोंडी. लिहायला पहिल्यांदाच बसलोय. शाळा मी आठवीत सोडली, त्यामुळे लिहिताना अजून हाताला घाम येतो. चुकलंमाकलं समजून घ्यावं.

मी रत्नागिरीचा नव्हे. घाटावरचा, आणि घाटावरही पावसानं पाठ फिरवलेल्या भागातला. आमच्या गावात पाण्याचा टँकर आला की कामं टाकून माणसं घागरी घेऊन पळतात. आंघोळीचं पाणी पायाखालच्या परातीत धरायचं, ते भांड्यांना वापरायचं, आणि भांड्यांचं पाणी दारातल्या शेवग्याला घालायचं. आईनं एकदा मला पेल्यात उरलेलं पाणी अंगणात फेकताना बघितलं आणि असा रट्टा घातला की पाठीवर बोटं उठली. मार विसरलो, पण पाणी फेकायला हात कधी वळला नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

गाव सोडलं तेही टँकरनंच, फक्त तो दुधाचा होता. क्लीनर म्हणून लागलो. आंबा घाट उतरून आम्ही रत्नागिरीत दूध आणायचो. पहिल्या खेपेलाच मला धक्का बसला. जिकडं बघावं तिकडं झाडी, ओढे वाहतायत, गवत माणसाच्या छातीला लागतंय, आणि ह्या मुलखात आम्ही दूध आणून ओततोय! आमच्याकडं काटेरी झुडपं खाऊन जगणाऱ्या गायींचं दूध. दूध थंड ठेवायच्या शीतकेंद्रावर टँकरचा पाइप धुताना मी ड्रायव्हरमामांना तोच प्रश्न मोठ्यानं विचारला. उत्तर आलं पाठीमागून.

"तेच लोकांना विचारत मी वीस वर्षं फिरतेय. तुला गुरं कळतात का रे?"

ह्या आमच्या मॅडम. दूध व्यवसायाच्या विस्तार तज्ज्ञ, असं त्यांच्या पाटीवर लिहिलेलं असतं. विस्तार म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं इमारत वाढवतात. खरं काम असं, की पुस्तकात आणि प्रयोगशाळेत जे कळलंय ते गोठ्यात नेऊन पोचवायचं, आणि गोठ्यात जी अडचण आहे ती परत वर कळवायची. मधला माणूस. दोन्हीकडून शिव्या खाणारा.

मॅडम इथल्याच, दोन-तीन पिढ्यांपासून आंब्याच्या बागा असलेल्या घरातल्या. घरचे म्हणत होते शिक्षिका हो, बँकेत लाग. त्या दुग्धशास्त्र शिकायला परप्रांतात गेल्या. तिथल्या मोठ्या कारखान्यात त्यांना जागा मिळत होती, पंख्याखाली बसून. ती सोडून परत आल्या तेव्हा नातेवाइकांनी टोमणे मारले की आंब्याच्या गावात ही शेण तुडवायला आली. त्यांनी स्कूटर घेतली, एक प्लास्टिकची फाइल घेतली, दुधाची तपासणी करायचं सामान डिकीत टाकलं आणि फिरायला लागल्या. गावातले पुरुष निम्मे मुंबईला. गुरं सांभाळायची बायकांनी. म्हणून मॅडम कधी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा घेत नसत. दूध काढायच्या वेळेला गोठ्यात जायच्या, उलट्या बालदीवर बसायच्या आणि म्हणायच्या, तू कशी काढतेस ते मला दाखव. अर्धा तास नुसतं बघायच्या. मग कुठंतरी हळूच म्हणायच्या, मी एकदा असं केलं होतं, आणि असं असं झालं.

त्यांचा प्रत्येक धडा त्यांच्या स्वतःच्या चुकीपासून सुरू व्हायचा. मला वाटायचं, ह्या गोष्टी रचलेल्या आहेत. एवढी शिकलेली बाई एवढ्या चुका करेल कशी?

त्यांनी मला ठेवून घेतलं. दहावीचा दाखला नाही म्हटल्यावर वरच्या ऑफिसातून कागद दोनदा परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी काय लिहिलं माहीत नाही, पण मी लागलो. राहायला शीतकेंद्रामागची खोली, दुपारचा डबा मॅडमच्या घरचा. माशाची आमटी मला खाता येत नाही हे कळल्यावर डब्यात निराळी भाजी यायला लागली, आणि त्यावर त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मी रोज सकाळी उठताना घाबरलेला असायचो. आज काही चुकलं तर परत टँकरवर, आणि टँकरवर कुणी घेतलं नाही तर परत गावी. आईला फोनवर मी सांगितलं होतं की साहेबासारखं काम आहे.

वर्षभरात मी पुष्कळ शिकलो. त्यातली एक गोष्ट पेंढ्याची. इथं भाताचा पेंढा मुबलक, पण त्यात कस नाही. गाय पोट भरते आणि दुधाला काही उरत नाही. त्यावर उपाय असा, की युरिया मापानं पाण्यात विरघळवायचा, ते पाणी पेंढ्याच्या थरांवर शिंपडायचं, तुडवून दाबायचं आणि वरून प्लास्टिक घालून एकवीस दिवस हवाबंद ठेवायचं. मग पेंढा पिवळाधमक, मऊ होतो, आणि गाय आवडीनं खाते. युरिया म्हणजे आपण शेतात टाकतो तेच खत. पेंढ्यात मुरला की अन्न होतो, आणि नुसता पाण्यातून पोटात गेला की विष. मॅडमनी मला वहीत लिहायला लावलं होतं. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःच्या अक्षरात खाली घातलं होतं, की उरलेलं पाणी लगेच, आपल्या डोळ्यांदेखत, गुरं जात नाहीत अशा जागी ओतून टाकायचं. त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मालगुंडच्या आतल्या बाजूला, कातळाच्या कडेला एक घर आहे. जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, पुढं सारवलेलं अंगण, त्याला इथं खळं म्हणतात, बाजूला गोठा. तिथं एक आजी एकटी राहते. मुलगा मुंबईला, सून त्याच्याबरोबर. आजीकडे एकच संकरित गाय, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. दूध केंद्रावर सकाळ-संध्याकाळ आजीचं भांडं येणार म्हणजे येणार, आणि ते ठेवताना ती रांगेतल्या प्रत्येकीच्या भांड्यात डोकावणार. मुलगा मुंबईला चल म्हणायचा तर ती म्हणायची, गायीला विचार आधी. गाय होती म्हणून ती त्या घरात राहू शकत होती, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. नंतर कळलं.

त्या दिवशी मॅडमनी मला पहिल्यांदा एकट्याला पाठवलं होतं, पेंढा करून दाखवायला. मी आदल्या दिवसापासून वही पाठ केली. सगळं माप शंभर किलो पेंढ्याचं काढलं आणि आजीच्या पिंपात पाणी कालवलं. आजी बाजूला बसून बघत होती आणि मधूनमधून मला घाटी म्हणून चिडवत होती.

"घाटी, तुझ्या गावात पेंढा नसंल ना रं? मंग तुला शिकवला कुणी?"

मी म्हटलं आमच्याकडं कडबा असतो, ज्वारीचा. ती म्हणाली, ज्वारी खाऊन म्हणूनच तुमची बोली खडबडीत. मी हसलो. काम छान चाललं होतं. थर लागले, पाणी शिंपडलं, मी वर चढून तुडवलं, प्लास्टिक ओढून कडेनं दगड ठेवले. आणि बघतो तर पिंपात पाणी उरलंय. पेंढा शंभर किलो भरला नव्हता. मी अंदाजानं धरला होता.

उरलं ते अर्धी बालदी. स्वच्छ, नितळ, हात घातला तर गार लागणारं पाणी. ते मी ओतायला हवं होतं. वहीत दोन रेघा होत्या. पण मला अर्धी बालदी पाणी जमिनीवर ओतवलं नाही. वर त्यात खत. मनात म्हटलं, आत्ता पुढच्या गोठ्यात जायचंय, उद्या येईन, ह्यात आणखी पाणी घालीन आणि मागच्या माडांना देईन. गोठ्याच्या दाराशी एक रिकामी निळी बालदी होती तिच्यात ते काढलं, वर पत्रा झाकला, आणि आजीला सांगितलं की हे असंच असू द्या, मी उद्या माडांना घालतो. ती बरं म्हणाली. पिंप मात्र मी घासून धुतलं. धुतल्याचं पाणीही गोळा करून माडाच्या आळ्यात घातलं.

ती निळी बालदी गायीची होती. इथं घराघरांत रीत आहे, तांदूळ धुतलेलं पाणी, भाताची उरलेली पेज, सगळं दिवसभर गोठ्याच्या दाराशी एका बालदीत साठतं आणि संध्याकाळचं दूध काढण्याआधी गायीपुढं ठेवलं जातं. ही रीत मला माहीत होती! मी रोज दहा गोठ्यांत ती बालदी बघत होतो. पण बघणं आणि लक्षात असणं ह्यात अंतर असतं. आजीनं वर्षानुवर्षांच्या हातानं पत्रा काढला, त्यात दुपारची पेज ओतली आणि बालदी गायीपुढं सरकवली. पेजेनं पाणी पांढरं झालं. मी सांगितलेलं तिच्या हाताला आठवलं नाही, जसं मॅडमनी सांगितलेलं माझ्या हाताला आठवलं नव्हतं.

मी तोवर गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागलो होतो. तिथं एकाची म्हैस बघायची होती. फोन वाजला. मुलानं घेऊन दिलेल्या मोबाइलवरून आजी बोलत होती.

"अरे, गाय कशीतरीच करते. तू ये."

मी विचारलं, काय करते? ती म्हणाली, कान फडफडवते, दात खाते, तोंडाला फेस आलाय. मी विचारलं, काय प्यायली? ती म्हणाली, रोजचंच, पेज. मग म्हणाली, निळ्या बालदीतली. तिला आणि मला ते एकाच वेळी कळलं.

डोळ्यांसमोर काय आलं असेल तर टँकर, आणि त्याच्या मागच्या बाजूला लटकून मी घाट चढतोय. गायीआधी मला मी दिसलो, हे लिहायला आज लाज वाटते. मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, किती वेळ झाला, बालदीत किती होतं? मी म्हणालो, माहीत नाही. बालदीत कुणी काय घातलं, मला माहीत नाही.

मग त्या म्हणाल्या, "खरं सांग. तुझ्यासाठी नाही विचारत. गायीचा जीव त्यावर आहे."

मी सांगितलं. अर्धी बालदी, माझी, मी ठेवलेली.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, आंबट हवं, भरपूर, त्यानं युरियाचं विष उतरतं, आणि गार पाणी. गुरांचे डॉक्टर आज राजापूरला शिबिरात आहेत, यायला वेळ लागेल, मी त्यांना फोन करते. तू पुळ्याच्या रस्त्यावर आहेस ना? तिथं चायनीजच्या गाड्या आहेत. व्हिनेगर घे, मिळेल तेवढं. गायीचं तोंड वर करू नकोस, सरळ ठेव, घोट घोट पाज. श्वासात गेलं तर त्यानंच मरेल.

चायनीजवाला नुकताच कोबी चिरायला बसला होता. संध्याकाळची गिऱ्हाइकं यायची होती. मी व्हिनेगर मागितलं. त्यानं एक बाटली काढली. मी म्हटलं, सगळं. तो हसला, म्हणाला, काय शेट, माझ्या शेजारीच गाडी लावताय काय? मी सांगितलं, गाय मरतेय. त्यानं सुरी खाली ठेवली. मग त्यानं खालून मोठा कॅन ओढून काढला. टेबलांवर मिरच्या घातलेल्या व्हिनेगरच्या छोट्या बाटल्या होत्या, त्याही त्यानं गाळणीतून कॅनमध्ये ओतल्या. मी निघालो तर मागून ओरडला, "गाळलंय तरी तिखट लागंल हा तिला!" रडू येत असताना मला हसू आलं, आणि ते दोन्ही मी हेल्मेटात घेऊन गेलो.

खळ्यात पोचलो तेव्हा गाय चारी पाय फाकून उभी होती. अंगाची कातडी नुसती थरथरत होती, जशी माशी बसल्यावर हलते तशी, पण सगळीकडे आणि थांबत नव्हती. डावीकडचं पोट ढोलासारखं. आजीनं तिचं तोंड आपल्या खांद्यावर घेतलं होतं, लुगडं फेसानं भिजलं होतं. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. शेजारच्या वाडीतली चारसहा माणसं जमली होती. त्यांत एक मुंबईहून सुट्टीला आलेला होता, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की घाटावरनं येतात, चार दिवस शिकवतात आणि आपली गुरं मारून जातात. कुणी त्याला गप्प केलं नाही.

बांबूच्या नळकांड्यातून पाजायला सुरुवात केली. आजीनं जबडा धरला, मी ओतलं. घोट, थांब, घोट, थांब. निम्मं बाहेर यायचं. व्हिनेगर, मग विहिरीचं गार पाणी, मग परत व्हिनेगर. ज्यांनी टोमणा ऐकून मान हलवली होती तेच लोक रहाटावर पाणी ओढत होते. मुंबईवालाही होता. एकदा गायीचे पुढचे पाय दुमडले आणि ती बसली, आणि आजीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माझ्या आईच्या तोंडून बाप गेला तेव्हा ऐकला होता. मी ओतायचं थांबवलं नाही. थांबलो असतो तर मला परत सुरू करता आलं नसतं.

मॅडम आल्या. स्कूटर गडग्याला टेकवली, चप्पल काढली, खळ्यात येऊन सगळ्यांसमोर खाली बसल्या. गायीच्या पोटावर हात ठेवला. मग जमलेल्या लोकांकडे बघून म्हणाल्या, "चूक आमची आहे. विषाचं पाणी आम्ही दारात ठेवलं."

मला वाटलं होतं त्या काहीतरी सांगतील. आजीचं वय झालंय, विसरली, असं कुणीही म्हणालं असतं आणि ते निम्मं खरंही होतं. किंवा माझ्याकडे बोट दाखवतील. त्यांनी 'आम्ही' म्हटलं. वीस वर्षं स्कूटर झिजवून कमावलेलं नाव त्यांनी त्या सहा माणसांपुढं शेणात ठेवलं आणि पुढं होऊन नळकांडं हातात घेतलं.

डॉक्टर दिवस मावळताना आले. पोटात नळी घातली, वायू सुटला, सुया दिल्या. कॅनचा वास घेऊन म्हणाले, हे नसतं तर मी आता फक्त सही करायला आलो असतो. पण वाचली असं म्हणाले नाहीत. म्हणाले, सकाळी रवंथ केला तर समजा तुमची. त्या रात्रीबद्दल मी काही लिहीत नाही. सकाळी उजाडल्यावर गायीचा जबडा हलला. एकदा, मग बऱ्याच वेळानं परत. आजी उठली, चूल पेटवायला आत गेली, आणि दार लोटून घेतलं. आम्हाला चहा विचारला नाही.

परत येताना मॅडमची स्कूटर पुढं आणि मी मागं. फाट्यावर त्या थांबल्या. मी मनातल्या मनात सामान बांधून ठेवलं होतं. एक पिशवी आणि एक वळकटी, तेवढंच.

त्या म्हणाल्या, "माझी मेली होती."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष. राजापूरकडच्या एका गावात त्यांनी एका बाईला सांगितलं होतं, गायीला भात चांगला, ताकद येते. किती घालायचा ते सांगितलं नाही. घरात लग्न झालं, उरलेल्या भाताचं पातेलं त्या बाईनं आनंदानं गायीपुढं ठेवलं. दोन दिवसांत गाय गेली. तेव्हापासून मी माप सांगताना त्या घरातलंच भांडं हातात घेते, त्या म्हणाल्या. ते मी हजार वेळा बघितलं होतं. त्या कुठल्याही घरात गेल्या की आधी वाटी मागायच्या. मला ती लकब वाटायची.

म्हणजे त्या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या. मी एकदा असं केलं होतं, मी एकदा तसं केलं होतं. एकही रचलेली नव्हती. मी रस्त्यात उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो, आणि मागच्या एसटीनं हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झालो.

मग त्यांनी मला जे सांगितलं त्यानं आदल्या दिवसापेक्षा मोठा धक्का बसला. एकविसाव्या दिवशी पेंढा उघडायला मी जायचं. एकट्यानं. मी म्हटलं, आजीनं तो केव्हाच फेकून दिला असेल. त्या म्हणाल्या, तर तसं बघून ये.

मधले दिवस आजीचं भांडं केंद्रावर येत नव्हतं. गायीचं दूध आटलं होतं आणि जे होतं ते विकायचं नव्हतं. रांगेत तिची जागा बायका मोकळी सोडायच्या, का कुणास ठाऊक. मुंबईहून मुलाचा फोन आला होता म्हणे, गाय विकून टाक आणि इकडं ये. ते ऐकून मला वाटलं, गाय वाचली, पण माझ्यामुळं घर जाणार. आठवड्यानं भांडं परत आलं, तळाशी थोडंसं दूध. तिनं ते ठेवलं आणि कुणाच्याच भांड्यात न डोकावता गेली.

एकविसाव्या दिवशी मी गडग्यापाशी गाडी बंद केली. खळ्याच्या कडेला पेंढ्याचा ढीग होता. मी ठेवलेले दगड, मी ओढलेलं प्लास्टिक, सगळं जसंच्या तसं. उलट एका कोपऱ्यात वाऱ्यानं प्लास्टिक उचलू नये म्हणून जास्तीचे दोन जांभ्याचे चिरे ठेवलेले.

आजी पडवीत बसली होती. मी विचारलं नव्हतं, तरी तीच म्हणाली, "चूक बालदीची होती. पेंढ्यानं काय केलान?"

मी ढिगाकडे वळलो तर तिनं थांबवलं. विहिरीकडे गेली, पोहरा सोडला, तीच निळी बालदी काठोकाठ भरली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. मला वाटलं हातपाय धुवायला. तसं नव्हतं.

"ओत," ती म्हणाली. "बगू दे मला."

मी बालदी उचलली. स्वच्छ, गार, गोडं पाणी. आमच्याकडं एवढ्या पाण्यावर घरातली दोन माणसं दिवस काढतात. मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. मी गडग्यापलीकडे जाऊन बालदी उलटी केली. तांबड्या मातीनं ते पाणी एका श्वासात पिऊन टाकलं. काही उरलं नाही, ओल सोडून. माझ्या पाठीवर आईची बोटं उठल्यासारखी वाटली, आणि मी तसाच उभा राहिलो, रिकामी बालदी धरून.

"परत," ती म्हणाली, आणि पुन्हा भरून आणली.

तीनदा ओतायला लावलं. तिसऱ्यांदा माझा हात अडखळला नाही, हे तिला दिसलं असावं. मग तिनं स्वतःच पहिला दगड उचलला.

प्लास्टिक काढल्यावर उग्र वास आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आम्ही पेंढा खळ्यात पसरला आणि वास उडेपर्यंत बसून राहिलो. मग मूठभर पेंढा तिनं माझ्या हातात दिला. मी म्हटलं, आजी, तुम्ही घाला, माझ्या हातचं ती खाणार नाही. आजीनं नुसती मान हलवली. गायीनं मला बघून मागं एक पाऊल घेतलं. हुंगलं. फुस्स करून माझ्या हातावर गरम श्वास सोडला. मग जीभ बाहेर आली आणि पेंढा आत गेला.

मी सुपभर घातला, जास्त नाही. आजीचंच सूप मापाला घेतलं. आणि मग मी जायचं सोडून खळ्यात उकिडवा बसलो, गायीच्या जबड्याकडे बघत. किती वेळ गेला कळलं नाही. आजी आतबाहेर करत होती, तांदूळ धुतले, निळी बालदी खंगाळून उलटी ठेवली, आणि धुवण दुसऱ्या, पिवळ्या बालदीत ओतलं. ती नवीन होती. शेवटी गायीनं मान खाली घातली, गळ्यातून काहीतरी वर आलं, आणि ती डोळे अर्धे मिटून सावकाश चघळायला लागली.

आजी माझ्यासमोर चहाचा कप ठेवत म्हणाली, "आता जाशील का वस्तीलाच ऱ्हातोस, घाटी?"